हायलँडर, २४ फुटी ट्रेलर आणि कोलोरॅडोचे घाट: आधी वजनाचं बोलू

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. जुलैत डॅलसहून निघायचं, गाडी टोयोटा हायलँडर, त्यात तुम्ही दोघं, दोन मुलं आणि साताऱ्याहून आलेले आई-बाबा, मागे भाड्याने घेतलेला २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीने ओढून न्यायचं चाकांवरचं घर. ग्रेट सँड ड्यून्स बघून वुल्फ क्रीक पासवरून ड्युरँगो, तिथून मिलियन डॉलर हायवेने सिल्व्हरटन आणि युरे, परतताना आय-७० या इंटरस्टेट हायवेने डेन्व्हर. गाडीचं टो रेटिंग, म्हणजे ती मागे किती वजन ओढू शकते तो कंपनीचा आकडा, ५,००० पौंड, ट्रेलरच्या जाहिरातीत ड्राय वेट ४,१०० लिहिलंय, म्हणजे ९०० पौंड शिल्लक आहेत असा तुमचा हिशोब, आणि "चढावर इंजिन खेचेल ना" ही मुख्य काळजी. वर दोन छोटे प्रश्न, आई-बाबांना वाटेत ट्रेलरमध्ये आडवं होता येईल का आणि मिलियन डॉलर हायवे ट्रेलरसकट जमेल का.

मी कोलोरॅडोत राहते आणि बरीच वर्षं दर उन्हाळ्यात ट्रेलर ओढतेय, तुम्ही सांगताय त्या रस्त्यांवरच. इंजिन खेचेल. हळू खेचेल, आवाज करेल, पण वर नेईल. माझी काळजी दुसरीच आहे: सहा माणसं भरलेल्या गाडीवर ट्रेलरचा भार पडल्यावर ती गाडी किती वजन पेलते, आणि घाट उतरताना ते सगळं धूड तुम्ही ताब्यात ठेवू शकता का. या दोन गोष्टींवर तुमची ट्रिप ठरणार आहे, म्हणून त्यांच्यावर जरा जास्त लिहिते.

आधी तो ५,००० चा आकडा. टो रेटिंग काढायची एक ठरलेली पद्धत आहे, त्यात गाडीत फक्त दोन माणसं धरतात, प्रत्येकी १५० पौंडांची. चढाची चाचणी अॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या रस्त्यावर होते, जो प्रचंड तापतो हे खरं पण संपतो साडेतीन हजार फुटांच्या आसपास. तुम्ही सहाजण आहात आणि वुल्फ क्रीक पास १०,८५७ फुटांवर आहे. म्हणजे आकडा खोटा नाही, पण तो तुमच्या ट्रिपचा आकडा नाही. आणि हायलँडर हायब्रिड असेल तर ५,००० विसरा, तिला ३,५०० च आहे, ते आधी बघून घ्या.

आता ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर पिवळा-पांढरा स्टिकर असेल, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये. तो तुमचा पेलोड. मॉडेल आणि ट्रिमप्रमाणे बदलतो, म्हणून इंटरनेटवरचा आकडा धरू नका, तुमच्याच दारावरचा धरा. समजा तो १,४०० निघाला. तुम्ही दोघं ३१०, मुलं आणि त्यांच्या सीट १५०, आई-बाबा २९०, झाले ७५०. आता ट्रेलर. ड्राय वेट म्हणजे कारखान्यातून निघतानाचं रिकामं वजन, त्यात बहुतेक वेळा बॅटरी नसते, गॅस नसतो, भांडी, अंथरुणं, खुर्च्या, कपडे, किराणा काहीच नसतं. पाणी गॅलनला ८.३ पौंड, ३० गॅलनची टाकी भरून निघालात तर अडीचशे पौंड तिथेच वाढले. सहा माणसांच्या संसारासकट ४,१०० चा ट्रेलर ४,८०० ला सहज जातो. त्यातलं साधारण १० ते १५ टक्के वजन पुढच्या दांड्यातून तुमच्या हिचवर, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर जोडायच्या सांध्यावर, पडायला हवं, त्याला टंग वेट म्हणतात. साडेबारा टक्के धरलं तर ६०० पौंड. हायलँडरच्या हिचची मर्यादा ५०० असते, म्हणजे इथेच गाडी अडली. तरी बेरीज पुढे नेऊ: ७५० अधिक ६०० अधिक हिचचं स्वतःचं ८० अधिक डिकीतल्या बॅगा १००, झाले १,५३०. स्टिकर म्हणतोय १,४००.

टंग वेट कमी करायला सामान मागे सरकवू असं कुणीतरी सुचवेल, ते अजिबात करू नका. पुढचा भार हलका झाला की हायवेवर ट्रेलर शेपटासारखा डावी-उजवीकडे हलायला लागतो, आणि त्याच्याइतकी भीतीदायक गोष्ट या छंदात दुसरी नाही. वेट डिस्ट्रिब्यूशन हिचने भार पुढच्या चाकांकडे आणि थोडा ट्रेलरच्या चाकांकडे वाटला जातो, गाडी मागून बसत नाही, स्टिअरिंग हलकं पडत नाही, म्हणून तो चांगलाच. पण त्याने गाडीची मर्यादा वाढत नाही. आणि काही गाड्यांना तो चालत नाही, काहींना ठरावीक वजनापुढे सक्तीचाच असतो, तेव्हा मॅन्युअलमधलं टोइंगचं प्रकरण नीट वाचा.

म्हणून सरळ सांगते, सहा माणसं, हायलँडर आणि हा २४ फुटी ट्रेलर, हे मी करणार नाही आणि तुम्हीही करू नका. पण ट्रिप रद्द करायचं कारण नाही, पर्याय आहेत. एक, छोटा ट्रेलर घ्या, १६-१७ फुटी किंवा पॉप-अप (घडी करून नेता येणारा), ज्याचं कमाल भरलेलं वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, ३,५०० च्या आत आहे (ड्राय वेट बघूच नका, हाच आकडा बघा), आणि आई-बाबांना कॅम्पग्राउंडच्या केबिनमध्ये ठेवा. टंग वेट ४२५-४५० वर येतं आणि बेरीज १,४०० च्या आत बसवता येते, थोडी ओढाताण करून. दोन, सहा सीटचा पिकअप भाड्याने घ्या, पण टोइंगला परवानगी देणाराच, कारण नेहमीच्या भाड्याच्या गाड्यांच्या करारात टोइंगला बहुतेक मनाई असते. तीन, आणि तुमच्यासाठी मला हाच सगळ्यात बरा वाटतो, ट्रेलर ओढूच नका, मागवा. आउटडोअर्सी किंवा आरव्हीशेअर या भाड्याच्या साइट्सवर बरेच मालक ट्रेलर कॅम्पग्राउंडवर आणून, लेव्हल करून, पाणी-वीज जोडून देतात आणि शेवटी घेऊन जातात. ड्युरँगोजवळ चार-पाच रात्री एकाच जागी तंबू ठोकल्यासारखं राहायचं आणि हायलँडर मोकळी घेऊन फिरायचं. वय झालेल्या माणसांना रोज रोज नवी जागा, नवा बिछाना, रोजचं जोडा-सोडा नको असतं, मुलांनाही दुसऱ्या दिवसानंतर तोच ओढा आणि तेच मित्र हवे असतात, असा माझा अनुभव आहे.

कुठलाही ट्रेलर घेतलात तरी निघण्याआधी एकदा कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकांच्या वजनकाट्यावर, जा. मोठ्या ट्रक स्टॉपवर असतो, थोडक्या पैशात पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं यांचं वेगवेगळं वजन छापून मिळतं. सगळे आत बसलेले असताना आणि सामान भरलेलं असतानाच करा. त्या एका कागदाने अंदाजपंचे सगळं संपतं.

आता समजा छोटा ट्रेलर घेऊन तुम्ही स्वतः निघालात, तर घाटाचं सांगते.

चढावर काय होतं तर हवा विरळ होते. साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्क्यांनी घटते, म्हणजे वुल्फ क्रीकच्या माथ्यावर जवळपास एक तृतीयांश गायब. टर्बोला कमी फरक पडतो. तर ताशी ३५-४० मैलांच्या स्पीडने उजव्या लेनमधून चढा, हॅझर्ड लावा, मागे रांग लागली तर रस्त्याकडेला थांबायची जागा (पुलआउट) दिसेल तिथे बाजूला घेऊन सगळ्यांना जाऊ द्या, लाज वाटायचं कारण नाही. टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला तर एसी बंद, आणि तरीही सरकला तर हीटर फुल्ल, खिडक्या उघड्या, इंजिनाची उष्णता तशीच बाहेर काढायची, मग सुरक्षित जागी थांबून इंजिन चालूच ठेवून निववायचं. रेडिएटरचं झाकण गरम असताना कुणी उघडायचं नाही. आणि पेट्रोल भरताना लक्ष ठेवा, कोलोरॅडोत पंपावर जे रेग्युलर असतं ते बऱ्याच ठिकाणी ८५ ऑक्टेनचं असतं, तुमची गाडी ८७ मागते, ओढताना तर ८७ च भरा. मायलेज निम्म्यावर येणार हे धरूनच पंप ठरवा.

उतार. तुम्ही पूर्वेकडून येताय, म्हणजे साउथ फोर्कहून वुल्फ क्रीक चढणार आणि पगोसा स्प्रिंग्सच्या बाजूने उतरणार, आणि या घाटाची तीच बाजू वाईट आहे. जवळपास ७ टक्के उतार, कित्येक मैल, मध्ये मोठं वळण, आणि ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी वाळू-खडीचे रॅम्प. ते रॅम्प कुणी हौस म्हणून बांधलेले नाहीत. लहानपणी गावाकडे भरलेली बैलगाडी उतारावर बैलांच्या अंगावर येताना ज्यांनी पाहिलीय त्यांना पुढचं वेगळं समजवावं लागणार नाही, ट्रेलर तसाच गाडीच्या अंगावर येतो. गाडी आणि ट्रेलर मिळून १०,००० पौंड धरले आणि ३,००० फूट खाली आलात तर जेवढी ऊर्जा कुठेतरी जायला हवी तेवढ्यात शंभर लिटरहून जास्त गार पाणी उकळेल. थोडी हवेच्या विरोधात जाते, पण बाकीची एकतर इंजिन खाणार नाहीतर ब्रेक. ब्रेकने खाल्ली तर डिस्क आणि पॅड इतके तापतात की पेडल दाबलं तरी गाडी थांबत नाही. म्हणून ती इंजिनाला खाऊ द्यायची.

करायचं असं. माथ्यावर, उतार सुरू व्हायच्या आधीच स्पीड कमी करा आणि गिअर खाली घ्या, टो मोड (ट्रेलर ओढतानाचं सेटिंग) असेल तर लावा, नसेल तर गिअर लिव्हरने हाताने २ किंवा ३ वर आणा. ज्या गिअरमध्ये ब्रेकला हात न लावता गाडी ३५-४० च्या आसपास स्वतःच राहते तो तुमचा गिअर. इंजिन ४,००० आरपीएमवर ओरडायला लागेल, घाबरू नका, लाल रेषेच्या खाली आहे तोवर त्याला काही होत नाही, आणि गाडीतले सगळे "काय झालं" विचारतील म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवा. तरी स्पीड वाढत वाढत ४० ला पोचला की ब्रेक ठाम दाबा, तीन-एक सेकंदात ३५ वर आणा आणि पाय पूर्ण काढा. परत ४० झाला की परत तसंच. पाय ब्रेकवर हलकासा ठेवून घाटभर घासत यायचं नाही, नवीन माणूस हेच करतो कारण त्याला तेच सावधपणाचं वाटतं, आणि मग खाली येईपर्यंत चाकांतून जळका वास यायला लागतो. तसा वास आला किंवा पेडल खोल जातंय असं वाटलं तर पहिल्या जागेला थांबा आणि अर्धा तास तरी ब्रेक गार होऊ द्या, पाणी ओतू नका.

याला जोडून ब्रेक कंट्रोलर. ट्रेलरच्या चाकांना स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतात, पण ते चालवणारं यंत्र तुमच्या गाडीत असायला लागतं, आणि बऱ्याच एसयूव्हींमध्ये ते येत नाही, कधी कधी गाडी आणि ट्रेलर जोडणारं ७ पिनचं वायरिंगसुद्धा नसतं. ट्रेलर मालक देईल असं गृहीत धरू नका, विचारा. अनेक राज्यांत ३,००० पौंडांच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक कायद्याने लागतात, पण कायदा बाजूला ठेवा, घाटात ब्रेकशिवाय ट्रेलर नको म्हणजे नकोच. जोडल्यावर मोकळ्या सपाट जागी २० च्या स्पीडला कंट्रोलरची छोटी कळ हाताने दाबून बघा, ट्रेलरने गाडीला मागून स्पष्ट ओढलं पाहिजे. चाकं लॉक होत असतील तर सेटिंग किंचित कमी करा, ओढ जाणवतच नसेल तर वाढवा. तीच कळ ट्रेलर हलायला लागला तर कामाला येते: अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, गाडीचा ब्रेक मारू नका, फक्त ट्रेलरची कळ दाबा, तो मागून ताणला जाऊन सरळ होतो. डॅलसहून अमरिलोमार्गे येताना टेक्सस पॅनहँडलमधला आडवा वारा तुम्हाला घाटाच्या आधीच भेटणार आहे, त्यामुळे हे पार्किंग लॉटमध्येच बोटांना सवयीचं करून घ्या. आणि टेक्ससात लिमिट ७५ असलं तरी तुमचं नाही, ट्रेलरच्या बऱ्याच टायरांची मर्यादा ६५ असते. टायर थंड असताना हवा टायरवर लिहिलेल्या आकड्याइतकी, आणि बाजूला छापलेली तारीख बघा, भाड्याच्या ट्रेलरचे टायर नक्षी शाबूत दिसत असूनही म्हातारे असू शकतात.

हिच लावल्यावर मी एक गोष्ट प्रत्येक वेळी करते, अगदी पंपावरून निघताना पुन्हा जोडायचं असलं तरी. ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाची वाटी, म्हणजे कपलर, हिचच्या गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, बसवून खिटी लावली की ट्रेलरचा जॅक उलटा फिरवून दांडा थोडा वर उचलायचा. गाडीचा मागचा भाग त्याच्याबरोबर वर उचलला गेला तर बॉल आत नीट पकडलाय, कपलर एकटाच वर आला तर तो नुसता वर टेकला होता. मग साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन, आणि ब्रेकअवेची बारीक तार साखळीला न अडकवता गाडीला स्वतंत्र, कारण ट्रेलर सुटलाच तर तीच तार ओढली जाऊन त्याचे ब्रेक लावते. हे सगळं एकाच माणसाने करायचं, मध्ये कुणी गप्पा मारायच्या नाहीत, आणि दुसऱ्याने फिरून तपासायचं. तुमच्याकडे हे दुसरं काम बाबांना द्या, त्यांना आवडेल.

आई-बाबांच्या आडवं होण्याचं उत्तर नाही. चालत्या ट्रेलरमध्ये सीटबेल्ट नाहीत, भिंती पातळ असतात, आत काय चाललंय ते तुम्हाला कळत नाही, आणि बऱ्याच राज्यांत ते बेकायदा आहे. त्यापेक्षा दर दीड-दोन तासांनी थांबा आणि थांबलेल्या ट्रेलरमध्ये अर्धा तास पडू दे त्यांना, चहा तिथेच करा. उंचीचा विचार मात्र त्यांच्यासाठी जास्त करा. डॅलस समुद्रसपाटीपासून जेमतेम पाचशे फुटांच्या आसपास, सँड ड्यून्सचं कॅम्पग्राउंड ८,२०० फुटांवर. आधी ट्रिनिडाडला एक रात्र थांबा, ते ६,००० च्या आसपास आहे, भरपूर पाणी प्यायला लावा, पहिले दोन दिवस वाळूच्या डोंगरावर चढायचा हट्ट नको, आणि बीपी किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर निघायच्या आधी डॉक्टरांशी बोलून घ्या. मुक्काम ड्युरँगोलाच ठेवा म्हणतेय त्याचं हेही कारण, ते ६,५०० फुटांवर आहे, सिल्व्हरटन ९,३००.

मिलियन डॉलर हायवे. सिल्व्हरटन ते युरेचा तो तुकडा, मध्ये रेड माउंटन पास ११,००० फुटांवर, अरुंद लेन, कित्येक ठिकाणी कठडाच नाही, आणि युरेहून दक्षिणेकडे येताना तुम्ही दरीच्या काठाच्या बाजूला असता. ट्रेलर नेतात लोक, बंदी नाही. पण पहिल्यांदा ओढणाऱ्याने, मुलं आणि आई-बाबांना घेऊन, तिथे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. ट्रेलर ड्युरँगोला ठेवा आणि एक दिवस नुसत्या गाडीने जा. किंवा त्याहून छान, ड्युरँगो-सिल्व्हरटन नॅरोगेज गाडीने जा, १८८२ पासून धावतेय, साडेतीन तास नदीकाठाने, वाफेचं इंजिन, आणि तुम्हालाही खिडकीतून बघायला मिळेल, नाहीतर ड्रायव्हरला या रस्त्यावर डोंगर दिसतच नाही. तरीही ट्रेलर युरेकडे न्यायचाच असेल तर ५५० नंबरचा हा हायवे सोडा, कॉर्टेझकडून डोलोरेस, लिझर्ड हेड पास आणि डॅलस डिव्हाइड नावाची खिंड (तुमच्या डॅलसशी संबंध नाही) करून रिजवेला उतरा. लांब आहे, उंचीही दहा हजारांच्या वर जाते, पण रस्ता कितीतरी मायाळू. या वाटेवर मेसा व्हर्डे नॅशनल पार्क लागतं, तिथे मोअरफिल्ड कॅम्पग्राउंडच्या पुढे ट्रेलर नेऊ देत नाहीत, तो तिथे सोडूनच आत जायचं.

आय-७० ने परतायची मला तरी गरज दिसत नाही, डॅलसला जायला ते लांबच पडतं. डेन्व्हरला कुणाकडे जायचंच असेल तर रविवारी दुपारी नको, अख्खं शहर डोंगरातून परतत असतं. आयझेनहॉवर बोगदा ११,१०० फुटांच्या वर आहे, त्यानंतर उतार टप्प्याटप्प्याने येत राहतो, आणि डेन्व्हरचं मैदान दिसायला लागलं की घाट संपला असं वाटतं, तिथेच ट्रकवाल्यांसाठी अजून उतरायचं बाकी आहे अशा मोठ्या पाट्या लावल्यात. त्या तुमच्यासाठीही आहेत, गिअर खालीच ठेवा.

जुलैत दुपारी डोंगरात गडगडाटासह पाऊस जवळपास रोजचा, म्हणून घाट सकाळी लवकर, दुपारी दोनच्या आत मुक्कामाला. बुकिंग आजच बघा, कोलोरॅडोच्या स्टेट पार्कांचं सहा महिने आधी उघडतं आणि हुकअप (पाणी-वीज जोडणी) असलेल्या जागा आधी जातात. जागा घेताना तिची लांबी वाचा, आणि पहिल्यांदा असाल तर पुल-थ्रू, एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर अशी जागा, घ्या, म्हणजे रिव्हर्सच घ्यावा लागणार नाही.

दारावरच्या स्टिकरचा आकडा, गाडीचं साल, हायब्रिड आहे की नाही, आणि हिचवर कोरलेलं टंग वेट, एवढं इथे लिहा, मग १६ फुटी की १७ फुटी आणि सामान कुठे किती ठेवायचं ते आकडे मांडून सांगते.